कोकराच्या धडाचा एक्स-रे: मांस, चरबी आणि हाडं यंत्राने कशी मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलून टांगलेल्या धडात निव्वळ मांस किती, चरबी किती आणि हाडं किती, हे आपल्याकडे खाटकाच्या नजरेवर ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या काही मोठ्या कत्तलखान्यांत तेच काम डेक्सा नावाचं एक्स-रे यंत्र करतं. शेळी-मेंढीपालक, पशुवैद्यकीचे विद्यार्थी आणि मांस व्यवसायात उतरू पाहणारे लोक या यंत्राबद्दल जे विचारतात, त्याची ही उत्तरं. उदाहरण मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या कोकरांचं घेतलंय, कारण या यंत्रावरचं बरंच मूळ काम तिथलं आणि त्यावरून झालेली भांडणंही तिथलीच.

हाडं ठिसूळ झालीत का बघायला डॉक्टर डेक्सा करायला सांगतात. हे तेच का?

तत्त्व तेच. दवाखान्यात माणूस आडवा झोपतो आणि यंत्राचा पट्टा सावकाश सरकतो. कारखान्यात उलटं: यंत्र जागच्या जागी आणि उलटं टांगलेलं धड साखळीवरून त्याच्यासमोरून जातं. दवाखान्याला हाडात रस असतो, चरबी आणि स्नायूंचं प्रमाण हा तिथे जोडधंदा. मांसाच्या कारखान्याला नेमका तो जोडधंदाच हवा असतो.

अनुभवी माणसाला नुसतं बघून कळतं की. मग यंत्र कशाला?

अनुभवी माणसाला बरंच कळतं, यात वाद नाही. पण ऑस्ट्रेलियात भाव ठरवायला जे मोजमाप रूढ होतं ते काय होतं ते बघा. धडाचं गरम (म्हणजे गारठवण्याआधीचं) वजन घ्यायचं आणि एका ठिकाणी टोचून जाडी मोजायची. ही जागा बाराव्या बरगडीवर, पाठीच्या मध्यरेषेपासून ११० मिलिमीटर अंतरावर. तिला ‘जीआर’ म्हणतात. तिथे हाडापर्यंत एकूण किती मिलिमीटर थर आहे ते बघून १ ते ५ गुण द्यायचे. ५ मिलिमीटरपर्यंत १, ६ ते १० ला २, ११ ते १५ ला ३, १६ ते २० ला ४ आणि त्यापुढे ५.

आता गंमत अशी, की हा थर नुसत्या चरबीचा नसतो, त्यात थोडं मांसही येतं. शिवाय चोवीस किलोच्या धडातली एकच जागा मोजायची आणि त्यावरून सगळ्या धडाची गोष्ट सांगायची. काम करणाऱ्याला एकेका धडामागे काही सेकंद मिळतात, म्हणून कित्येक ठिकाणी सुरीही न वापरता बोटाने दाबून गुण टाकले जायचे. सकाळी ताज्या दमाचा माणूस आणि दुपारी तीनचा थकलेला माणूस एकाच धडाला वेगळे गुण देऊ शकतो.

फरक पैशात बघू. दोन धडं, दोन्ही २४ किलोची, दोघांनाही ३ गुण. एकात निव्वळ मांस ५८ टक्के निघालं तर ते १३.९२ किलो भरतं, दुसऱ्यात ५३ टक्के निघालं तर १२.७२ किलो. म्हणजे एका धडामागे १ किलो २०० ग्रॅमचा फरक, आणि जुन्या पद्धतीत दोन्ही शेतकऱ्यांच्या हातावर सारखेच पैसे.

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात हे माहीत आहे. पण चरबी आणि मांस वेगळं कसं ओळखतात?

साध्या एक्स-रेत हा घोळ खरंच होतो. जाड चरबी आणि पातळ मांस किरणांना सारखंच अडवू शकतात, आणि पडद्यावर दोन्ही राखाडीच दिसतात. जाडी किती आणि पदार्थ कोणता, हे दोन प्रश्न एकाच आकड्यात अडकलेले असतात. ते सोडवायला दुसरा आकडा लागतो.

म्हणून किरण दोन शक्तींवर मोजतात. कमी शक्तीचा किरण किती अडेल हे बऱ्याच अंशी समोर कोणते अणू आहेत यावर ठरतं. अणू जितका जड, तितका तो किरण झपाट्याने गिळला जातो. जास्त शक्तीच्या किरणाला अणूच्या जातीचं फारसं काही वाटत नाही, तो मुख्यतः किती घनतेचा किती माल समोर आहे यावर अडतो. चरबीत प्रामुख्याने कार्बन आणि हायड्रोजन. मांसात साधारण पाऊण हिस्सा पाणी, म्हणजे ऑक्सिजन भरपूर. कार्बनचा अणुक्रमांक ६, ऑक्सिजनचा ८. फरक बारीक आहे, पण मोजता येतो. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस, म्हणजे २० आणि १५, ते तर लांबूनच उठून दिसतं. दोन्ही शक्तींवर किरण किती अडले याचं गुणोत्तर काढलं की चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे काय आहे ते उलगडतं.

ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूझीलंडच्या स्कॉट कंपनीबरोबर जे यंत्र कोकरांसाठी बसवलं, त्यात दोन वेगळे किरण सोडण्याची भानगडच ठेवली नाही. १४० किलोव्होल्टची एकच नळी, समोर एकामागे एक दोन डिटेक्टर आणि मध्ये तांब्याचा पत्रा. पहिला डिटेक्टर मऊ, म्हणजे कमी शक्तीचे, किरण टिपतो, उरलेसुरले मऊ किरण तांबं गाळून टाकतं आणि मागच्या डिटेक्टरला फक्त कडक, म्हणजे जास्त शक्तीचे, किरण मिळतात. एकाच झोतातून दोन मापं. दोन वेळा फोटो काढायचा असता तर हलत्या धडाची दोन चित्रं एकमेकांवर बसवताना नाकी नऊ आले असते.

जाडीची भानगड मात्र पूर्ण सुटत नाही. जाड मांडीतून जाताना मऊ किरण वाटेतच संपतात आणि उरलेला झोत कडक होत जातो, त्यामुळे तेच मांस जाड भागात थोडं वेगळं वाचलं जातं. याची दुरुस्ती गणितात घालावी लागते. आणि हाडावरचा ठिपका म्हणजे हाडासोबत त्याच्या पुढचं-मागचं मांस आणि चरबीही. असे ठिपके वेगळे काढून त्यांचा हिशोब निराळा करतात.

यासाठी साखळी थांबवावी लागते का?

नाही. थांबवावी लागली असती तर कुणी बसवलंच नसतं.

जिथे धडं एका मिनिटाला आठ-दहाच्या वेगाने येतात, तिथे यंत्राला एका धडामागे जेमतेम सहा-सात सेकंद मिळतात. दिसायला हे सगळं अगदीच साधं असतं: साखळी शिशाच्या अस्तराच्या एका खोलीत शिरते, वळते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. मागचे पाय आकड्यात अडकवलेलं धड आत जाताना डुलतं, म्हणून त्याला टेकवायला मार्गदर्शक पट्ट्या असतात. हलणाऱ्या धडाचा फोटो ताणलेला येतो आणि त्याचे आकडेही तसेच ताणलेले. बाहेरच्या पडद्यावर पाठीचा कणा आणि बरगड्या लख्ख दिसतात, मांड्या गडद, आणि कडेची चरबी धुक्यासारखी. त्याखाली तीन टक्केवाऱ्या उमटतात, तोवर पुढचं धड दारात.

यंत्राने सांगितलेला आकडा खरा कशावरून?

सगळ्यात कळीचा प्रश्न हाच. खरं उत्तर कळायचा जुना मार्ग म्हणजे धड सुरीने पूर्ण सोडवायचं: मांस एका तसराळ्यात, चरबी दुसऱ्यात, हाडं तिसऱ्यात, आणि तिन्हींचं वजन. एका धडाला तासन्‌तास जातात आणि सोडवणाऱ्याचा हातही आकड्यात मिसळतो. म्हणून डेक्साची पारख सीटी स्कॅनवर केली. धडाचे मोठे तुकडे करून सीटीत घालायचे, कापांमागून काप चित्रं घ्यायची आणि प्रत्येक कापातली चरबी, मांस, हाड वेगळं मोजायचं. सीटीच्या मापात पाणी शून्यावर, चरबी शून्याच्या खाली, मांस थोडं वर आणि हाड कितीतरी वर, त्यामुळे तिथे गल्लत जवळपास होत नाही. मग सीटीच साखळीवर का बसवत नाहीत? वेग आणि खर्च. डेक्सा एका बाजूने सपाट चित्र घेतं, सीटीला भोवतीने फिरावं लागतं.

पारख एकदा करून भागत नाही. एक्स-रे नळी झिजते, डिटेक्टर तापतात, आकडे हळूच सरकू लागतात. म्हणून प्लॅस्टिकचे ठरावीक ठोकळे ठेवतात, ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं. ते यंत्रासमोर धरायचे आणि उत्तर तेच येतंय का बघायचं. एका गावच्या यंत्राचे ५७ टक्के म्हणजे दुसऱ्या गावच्याही यंत्राचे ५७ टक्के, ही हमी या ठोकळ्यांमुळेच देता येते. आकड्यावर पैसे द्यायचे असतील तर मापाला ऑस-मीट या मांसाची मानकं सांभाळणाऱ्या संस्थेची मान्यता लागते, आणि यंत्र कुठल्या चुकीच्या मर्यादेत राहिलं पाहिजे हे त्यात ठरलेलं असतं.

यंत्राला फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. धड गरम आहे की रात्रभर गारठवलेलं, धुवून ओलं आहे की कोरडं, यावर आकडा हलतो. त्यामुळे ज्या अवस्थेत मोजायचं त्याच अवस्थेत पारख करावी लागते. आणि पाणी एक्स-रेला मांसासारखंच दिसतं. धडाला पाणी पाजून वजन वाढवणारे महाभाग कुठेही असतात, त्यांना डेक्सा पकडणार नाही. उलट कमी चरबीचा माल म्हणून शाबासकीच देईल.

अशा मांसात किरणं राहतात का?

नाही. बल्ब बंद केला की खोलीत उजेड उरत नाही, तसंच हे. हे किरण मांसाला किरणोत्सारी करण्याच्या जवळपासही जात नाहीत. खाद्यपदार्थांवर मुद्दाम किरण सोडून जंतू मारण्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात एक्स-रेची मर्यादा ५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. डेक्साची नळी त्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास. काळजी घ्यायची ती तिथे रोज काम करणाऱ्यांची, आणि शिशाची खोली त्यांच्याचसाठी असते.

हलाल मांसाला हे चालतं का?

स्कॅनिंग होतं ते जनावर कापून, सोलून, आतडी काढून झाल्यावर. यंत्र धडाला टोचत नाही की काही लावत नाही. जबह करण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंधच येत नाही.

कारखान्याला यात नक्की काय मिळतं?

दोन गोष्टी, आणि माझ्या मते दुसरी जास्त मोठी.

पहिली म्हणजे मालाची वाटणी. चरबट धडं एका वाटेने, मांसल दुसऱ्या वाटेने. ज्या गिऱ्हाइकाला चाप एका ठरावीक चरबीच्या थराचे हवेत, त्याच्यासाठी योग्य धड आधीच निवडता येतं. नाहीतर आधी चाप कापायचे, मग जादा चरबी तासून टाकायची, आणि त्या चरबीचे पैसे तर शेतकऱ्याला देऊन बसलेले.

दुसरी म्हणजे यंत्रमानवाचे डोळे. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं बॉर्डरटाउन हे व्हिक्टोरियाच्या सीमेलगतचं गाव, मेलबर्न-अॅडलेड रस्त्यावरचं. तिथल्या जेबीएस या ब्राझीलच्या मांस कंपनीच्या कारखान्यात २०१६ च्या सुमारास कोकरांसाठीचं डेक्सा बसलं. एक्स-रेत प्रत्येक बरगडी नेमकी कुठे आहे ते दिसतं, तेच चित्र कापणाऱ्या यंत्राला दिलं की ते प्रत्येक धडाचे खांदा, पाठ आणि मांडी असे तीन भाग बरोबर बरगड्यांच्या मधून पाडतं. हाताने कापताना माणूस पट्टीकरवतीपुढे उभा असतो आणि अंदाजाने धड पुढे ढकलतो. काप दोन सेंटिमीटर खांद्याकडे सरकला तर पाठीचं महागडं मांस स्वस्त खांद्यात जातं. दिवसाला हजारो धडं म्हटल्यावर हे सेंटिमीटर महागात पडतात. आणि पट्टीकरवतीपुढून माणूस बाजूला झाला की बोटंही वाचतात. कारखानदार हिशोब मांडताना बोटं दुसऱ्या क्रमांकावर लिहितात ही गोष्ट वेगळी.

आणि शेतकऱ्याला?

आपल्याकडच्या वाचकाला हे डेअरीवरून पटकन कळेल. गायीचं दूध नुसत्या लिटरवर जात नाही, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर लागतो आणि प्रत्येकाच्या दुधाचा नमुना वेगळा तपासला जातो. यंत्र घेणाऱ्याचं, आकडा यंत्राचा, पावती आपल्या हातात. फॅट अचानक कमी लागला की गावात जी कुजबुज सुरू होते, तशीच कुजबुज ऑस्ट्रेलियात डेक्साबद्दल झाली.

चांगली बाजू आधी. कानातल्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यामुळे धड कुठल्या कोकराचं हे कळतं. व्हिक्टोरियात मेंढ्या-शेळ्यांना हे बिल्ले आधीपासून सक्तीचे होते, १ जानेवारी २०२५ पासून जन्मलेल्या कोकरां-करडांसाठी इतर राज्यांतही आले. बिल्ला आणि डेक्साचा आकडा जोडला की कळपातल्या कुठल्या मेंढ्याची पिल्लं मांसल निघतात आणि कुठल्याची नुसती चरबी धरतात ते शेतकऱ्याला घरबसल्या समजतं. पुढच्या वर्षी कोणता मेंढा ठेवायचा याचा निर्णय त्यावर होतो. खरं मोल इथे आहे. एका खेपेत किलोमागे चार पैसे जास्त मिळणं त्यापुढे किरकोळ.

आता भांडण. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज इथल्या वार्षिक सभेत मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया या संस्थेने देशभरातल्या नव्वदेक नोंदणीकृत कारखान्यांत डेक्सा बसवण्याचा प्रस्ताव मांडला. खर्चाचा आकडा १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. ही संस्था चालते ती मुख्यतः शेतकऱ्यांनी प्रत्येक जनावरामागे भरलेल्या वर्गणीवर. कारखानदारांनी विचारलं, आमच्या साखळीवर काय बसवायचं हे तुम्ही कोण ठरवणार, आणि गुरांसाठी हे यंत्र अजून सिद्ध कुठे झालंय? शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा होता: आकडा कोणाच्या मालकीचा? तो आम्हाला दाखवणार की फक्त कारखान्याच्या संगणकात राहणार? आणि चांगल्या धडाला जादा दर देणार की खराब धडाला फक्त कपात लावणार? त्यातच, यंत्र बनवणाऱ्या स्कॉट कंपनीत त्याच वर्षी जेबीएसने निम्म्याहून जास्त हिस्सा घेतलेला. म्हणजे काटा बनवणाऱ्या कंपनीची मालकी माल घेणाऱ्याकडे. गैर काही झालं असं नव्हे, पण शंका यायला एवढं पुरतं. सरसकट योजना अखेर बारगळली आणि ज्याला हवं त्याने मदत घेऊन बसवावं, यावर गाडी आली.

मला विचाराल तर ते बरंच झालं. शेतकऱ्याला आकडा मिळण्याची आणि दराशी जोडण्याची सोय आधी झाली नाही, तर यंत्राचा सगळा फायदा एकाच बाजूला राहतो. न्यू साउथ वेल्समधल्या गुंडगाईच्या कारखान्याने ती जोड घालून दाखवली. तिथे मांसाचा उतारा (धडात निव्वळ मांस किती टक्के) आणि मांसाच्या आतली बारीक चरबी, दोन्ही बघून कोकरांचा दर लागतो.

मांसाच्या आतली चरबी? चरबी जितकी कमी तितकं मांस चांगलं ना?

विकणाऱ्याला कातडीखालच्या चरबीचा जाड थर नको असतो, कारण तो तासून टाकावा लागतो. पण स्नायूंच्या धाग्यांमध्ये विखुरलेली बारीक चरबी गेली की मांस कोरडं आणि चिवट लागतं. कोकराच्या पाठीच्या मांसात ती चार-पाच टक्के असली की खाणारे खूश, असा तिथल्या चवचाचण्यांचा साधारण सूर आहे.

अडचण अशी की दोन्ही चरब्या जोडीने फिरतात. मांसल मेंढे निवडत गेलं की पिढ्यांमागून पिढ्या आतली चरबीही उतरते. २००७ पासून ऑस्ट्रेलियाच्या शीप सीआरसी या मेंढी संशोधन संस्थेने मोठा संशोधन कळप बाळगून हे पडताळलं. डेक्साला ही बारीक चरबी वेगळी दाखवता येत नाही. त्याच्या लेखी चरबी म्हणजे चरबी, कातडीखालची असो की धाग्यांमधली. म्हणून जोडीला वेगळी साधनं लागतात: जवळच्या अवरक्त प्रकाशावर चालणारी, किंवा पाठीच्या मांसात सुईसारखी घालून लेझरने मोजणारी. फक्त उतारा मोजून पैसे देणारा कारखाना दहा वर्षांनी गिऱ्हाइकाला चामडं खाऊ घालत असेल, आणि ते ज्याच्या लक्षात येईल त्याच्यापाशी मेंढे परत बदलायला वेळ नसेल.

मऊपणा, रंग, जनावराचं वय, कापण्याआधी ते किती घाबरलं होतं, यातलंही डेक्साला काही कळत नाही.

गुरं आणि डुकरं यांच्यासाठी काय वापरतात?

गुरांचं अर्धं धडसुद्धा शंभर-दीडशे किलोच्या वर जातं. इतक्या जाडीतून पुरेसे किरण पलीकडे पोचवायला ताकदवान नळी लागते. क्वीन्सलँडमध्ये रॉकहॅम्प्टनला टेइज कंपनीच्या कारखान्यात गुरांसाठी डेक्साच्या चाचण्या झाल्या, पण कोकरांइतकी सहज ती गोष्ट जमलेली नाही. युरोपात गुरांसाठी कॅमेरे वापरतात. धडावर प्रकाशाचे पट्टे टाकून त्याचा आकार आणि बाहेरची चरबी बघायची. आयर्लंडने २००४ पासून हे यंत्र लावलं आणि तिथेही शेतकऱ्यांची कुरबुर तीच: माझा बैल कालपर्यंत वरच्या श्रेणीत होता, आज खाली कसा?

डुकरांच्या बाबतीत युरोप फार पूर्वीच यंत्रांवर गेला. डेन्मार्कच्या ऑटोफॉम यंत्रात नळीसारख्या वळलेल्या पन्हळीत सोळा अल्ट्रासाऊंड डोळे असतात आणि धड त्यांच्यावरून ओढलं जातं. युरोपीय संघाचा नियम असा की डुकराच्या धडातल्या मांसाच्या टक्केवारीचा अंदाज सरासरीने २.५ टक्क्यांपेक्षा जास्त चुकता कामा नये, आणि ती पारख किमान १२० धडं सोडवून करायची. ६० टक्के आणि वर मांस निघालं तर ‘एस’ श्रेणी, आणि तिथून खाली पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्या.

मग महाराष्ट्रात हे यंत्र का नाही?

पैशाचं कारण सगळ्यांना सुचतं, पण आधीचं कारण दुकानात आहे. आपल्याकडे मटण बहुतेक मिक्स विकलं जातं. गिऱ्हाईक म्हणतं, थोडी चाप टाका, एक नळी, सीन्याचे दोन तुकडे आणि बाकी मांडीचं. वर, चरबी थोडी राहू द्या, रस्स्याला तरी येते. खिमा किंवा बोनलेस सोडलं तर मांडीचा आणि खांद्याचा दर सारखाच. हाडंही मटणाच्याच भावाने जातात. अशा बाजारात या धडात मांस ५३ टक्के की ५८, हे कळून दुकानदाराला एक रुपयाही जास्त मिळत नाही. ऑस्ट्रेलियातून परदेशी जाणाऱ्या चापेच्या रॅकला खांद्याच्या कितीतरी पट भाव मिळतो. डेक्साचा खर्च तो फरक भरून काढतो. आपल्याकडे तो फरकच नाही.

दुसरं कारण जनावरात आहे. शेळी चरबी धरते ती मुख्यतः पोटात: आतड्यांवरच्या जाळीत आणि मूत्रपिंडाभोवती. कातडीखाली फारच कमी. उस्मानाबादी बोकडाच्या बाराव्या बरगडीवर ‘जीआर’ची सुरी लावली तर हाती काही लागत नाही. आणि डेक्सा ज्या धडावर चालतं त्यातून पोटातली चरबी आधीच बाहेर गेलेली असते. शेळीपालकाने महाग खुराक घालून जी चरबी तयार केली ती यंत्राला दिसतच नाही.

तिसरं, माग. देवनारला १९७१ पासून चालू असलेल्या कत्तलखान्यात जनावर येतं ते व्यापाऱ्याच्या हातून, राज्याबाहेरूनही. ज्या माणसाने ते वाढवलं त्याच्यापर्यंत आकडा परत पोचवायची वाटच नाही. यंत्र फुकट मिळालं तरी त्याची पावती द्यायची कोणाला?

आणि खरं सांगायचं तर आपल्या मेंढीपालकांसाठी मांसाच्या टक्केवारीच्या आधी पिल्लांची संख्या येते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या एसीआयएआर संस्थेच्या साह्याने तेच काम हातात घेतलं. सुंदरबनच्या गारोल मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला. जिथे एका मेंढीमागे वर्षाला एक कोकरू निघतं, तिथे दीड निघणं हे दोन-चार टक्के जास्त मांसापेक्षा कधीही मोठं.

पाठीवर हात फिरवून सांगणाऱ्या व्यापाऱ्याला मग यंत्रापेक्षा कमी समजायचं का?

अजिबात नाही. तो काय करतो ते नीट बघा. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर पंजा ठेवतो, अंगठा कण्याच्या टोकांवर आणि बोटं आडव्या हाडांच्या खाली. टोकं टोचली तर जनावर सुकलेलं, बोटं आत शिरलीच नाहीत तर भरलेलं. पशुवैद्यक याच जागेवर १ ते ५ गुण देतात. मग तो पुढचे पाय उचलून वजन तोलतो आणि म्हणतो, चौदा किलो पडेल. बऱ्याचदा अर्ध्या किलोच्या आत येतो. कमतरता एवढीच की तो आकडा त्याच्या डोक्यात राहतो आणि सौदा संपेपर्यंत तो तुम्हाला खरा सांगेलच असं नाही.

डेक्साहून स्वस्त काही आहे का?

आहे. सूक्ष्मलहरींवर चालणारं, हातात धरून धडाला टेकवायचं साधन ऑस्ट्रेलियात लहान कारखान्यांसाठी विकसित केलंय. ते एका जागेवरची चरबीची जाडी सांगतं, सगळ्या धडाचा हिशोब देत नाही, पण बोटाने दाबून दिलेल्या गुणांपेक्षा भरवशाचं. जिवंत जनावरासाठी अल्ट्रासाऊंड आहेच. बाराव्या-तेराव्या बरगडीच्या मध्ये केस कापायचे, जेल किंवा तेल लावायचं आणि पाठीच्या स्नायूची खोली मोजायची. गाभण तपासणीचं यंत्र ज्या पशुवैद्यकाकडे आहे त्याला योग्य प्रोब लावून हेही करता येईल. पैदाशीचा बोकड निवडताना त्याचा उपयोग होतो, विक्रीच्या बाजारात नाही.

माझ्याकडे पन्नास शेळ्या आहेत. यंत्राविना मी काय मोजू?

विकलेल्या बोकडांपैकी काही तरी ओळखीच्या दुकानदाराला द्या आणि कापताना हजर राहा. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद ठेवून सकाळी जिवंत वजन घ्या, कारण भरल्या पोटाने दोन-तीन किलो सहज फुगतात. मग सोललेल्या धडाचं वजन घ्या, डोकं, पाय आणि आतडी सोडून. बोकड २८ किलोचा आणि धड १३ किलोचं असेल तर धडाचा उतारा, म्हणजे जिवंत वजनाच्या मानाने धड किती, ४६ टक्क्यांच्या थोडा वर. प्रत्येक वेळी धडाच्या वजनात मूत्रपिंडं धरायची की नाही हे एकदा ठरवून टाका आणि पुढे बदलू नका.

त्याशिवाय आतड्यांवरच्या जाळीची आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी वेगळी काढून तिचं वजन लिहा. हे कुणीच लिहीत नाही. ती चरबी एक किलोच्या वर जायला लागली तर शेवटच्या महिन्यातला खुराक कमी करायची वेळ आली. वहीत चार रकाने पुरतात: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, बाप कोण, दोन वजनं आणि चरबी. बापाचा रकाना रिकामा सोडलात तर बाकीचे तीन भरून फार उपयोग होत नाही.